शिलारस शेजारचे खडक वितळवत नाही, बदलतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पुरवणीत खडकांवर अख्खं पान आलं होतं. चित्रं सुंदर होती, भाषा सोपी होती, आणि मराठी पेपरमध्ये भूशास्त्राला एवढी जागा मिळते हे बघून खरंच आनंद झाला. पण रूपांतरित खडकांच्या चौकटीत असं लिहिलं होतं की जमिनीखालचा तप्त शिलारस आजूबाजूच्या खडकांना वितळवतो आणि ते परत थंड झाले की रूपांतरित खडक तयार होतात. हे चूक आहे, आणि छोटी चूक नाहीये, कारण वितळून परत घट्ट झाला तर तो अग्निज खडकच झाला ना, मग रूपांतरित हा वेगळा प्रकार कशाला ठेवलाय? मी भंडारा जिल्ह्यात शाळेत भूगोल शिकवते, आणि हेच वाक्य मला मुलांच्या वह्यांमध्ये दिसतं, गाईडमध्ये दिसतं, मोबाईलवर बघितलेल्या व्हिडिओतून तोंडपाठ केलेलं ऐकू येतं. पेपरात छापून आलं की मग ते कायमचं खरं होऊन बसतं, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

मुळात घडतं काय, तर खडक घनच राहतो आणि त्याच्या आतली खनिजं बदलतात. समजा चिखलापासून बनलेला शेल आहे. त्यात चिकणमातीची खनिजं असतात आणि त्या खनिजांच्या आत पाणी बांधलेलं असतं. त्याच्या शेजारी खालून ग्रॅनाईटचा शिलारस वर येऊन थांबला, जमिनीच्या पोटात काही किलोमीटर खोल, की शेल हळूहळू तापायला लागतो. तीनशे, चारशे, पाचशे अंश. ही मातीची खनिजं एवढ्या तापमानाला टिकूच शकत नाहीत, त्यांची जुळणी मोडते, पाणी बाहेर पडतं, आणि तेच अणू नव्या घडीत बसतात, कुठे काळा अभ्रक म्हणजे बायोटाईट, कुठे कॉर्डिएराईट, कुठे अँडालुसाईट. अणू सरकतात ते कणांच्या कडाकडांनी, तिथे असलेल्या पाण्याच्या पातळ थरातून, अतिशय सावकाश. द्रव होतो तो फक्त शिलारस, शेजारचा खडक नाही. अगदी कडेला, जिथे शिलारस फार गरम असतो आणि पाणी भरपूर असतं, तिथे थोडासा खडक वितळतो सुद्धा, पण तो अपवाद झाला, व्याख्या नाही.

कडेचा खडक शिलारसाइतका का तापत नाही हे मुलांना हमखास कळत नाही आणि त्यांचा प्रश्न बरोबरच असतो. ग्रॅनाईटचा शिलारस साधारण ७०० ते ८०० अंशांचा असतो. तो ज्या खडकात घुसला तो समजा १५० अंशांवर होता. मग जिथे दोघे एकमेकांना भिडतात तिथलं तापमान ढोबळमानाने दोघांच्या मधलं कुठेतरी राहतं, साडेचारशे-पाचशेच्या आसपास, आणि तिथून बाहेर जावं तसं कमी होत जातं. म्हणून बदलाचं एक कडं तयार होतं, आत जास्त बदल, बाहेर कमी. आमच्याकडे विटांची भट्टी सगळ्यांनी बघितलेली असते, भट्टीच्या पोटातल्या विटा खंगर होतात, मधल्या छान लाल होतात आणि बाहेरच्या कडेच्या पिवळट कच्च्या राहतात, माती सगळ्यांची एकच. खडकांचंही तसंच, एवढं सांगितलं की पोरं लगेच मान डोलावतात.

या कड्याचं जगातलं एक फार अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचा स्किडॉ डोंगर. तिथले मूळ खडक म्हणजे समुद्रात साचलेला चिखल, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, जो नंतर दाबला जाऊन स्लेट झाला. मग साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी त्याच्या खालून ग्रॅनाईट वर आला. गंमत म्हणजे आज तो ग्रॅनाईट तिथे जवळपास दिसतच नाही, डोंगरातल्या ओढ्यांनी खोदून काढलेल्या तीन छोट्या जागी तेवढा उघडा पडलाय, बाकी सगळा पोटात. पण वरची स्लेट किलोमीटरच्या किलोमीटर बदललेली आहे, आणि त्यावरूनच कळतं की खाली केवढा मोठा ग्रॅनाईट दडलेला असणार. बाहेरून चालत आत जायला लागलं की आधी साधी काळी स्लेट असते, मग तिच्यावर बारीक काळपट ठिपके दिसायला लागतात, ती बदलाची पहिली खूण. अजून आत गेलं की अँडालुसाईटच्या लांबट काड्या दिसतात, आणि त्या काड्या आडव्या कापल्या की आत काळा क्रॉस दिसतो, कारण स्फटिक वाढताना खडकातला कार्बन ठराविक कोपऱ्यांमध्ये ढकलत गेला. या प्रकाराला कायस्टोलाईट म्हणतात. आणि ग्रॅनाईटच्या अगदी जवळ गेलं की स्लेटचे पापुद्रे जवळजवळ गायब झालेले असतात आणि हाती लागतो कठीण, घट्ट, बारीक कणांचा हॉर्नफेल्स. फुटला तर कसाही फुटतो, थर धरून फुटत नाही, कारण स्फटिक सगळीकडे आडवे-उभे एकमेकांत गुंतून वाढलेले असतात.

हा हॉर्नफेल्स एवढा घट्ट असतो की त्याच्या पट्टीवर ठोकलं तर घंटेसारखा आवाज येतो. जवळच्या केझिक गावात पीटर क्रॉस्थवेट नावाच्या माणसाने १७८५ साली अशा दगडांचं वाद्य बनवलं होतं. पुढे जोसेफ रिचर्डसन नावाच्या गवंड्याने तेरा वर्षं डोंगरात दगड शोधून, घासून, सुरात लावून त्याहून मोठं वाद्य तयार केलं, ते १८४० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या मुलांनी ते १८४८ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे वाजवलं. ते दगड आजही केझिकच्या म्युझियममध्ये आहेत. मुळातला समुद्राचा चिखल, त्यातून असा सूर निघतो, आणि तो चिखल मधल्या काळात एकदाही वितळलेला नाही. पुरवणीत चौकटच द्यायची होती तर ही गोष्ट द्यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. उष्णता खडकातून फार हळू जाते. ढोबळ नियम असा की शिलारसाची जाडी दहापट झाली तर तो थंड व्हायला लागणारा वेळ शंभरपट होतो. एक मीटर जाडीच्या भेगेत घुसलेला शिलारस काही आठवड्यांत निवतो, दहा मीटरचा काही वर्षांत, शंभर मीटरचा काही शतकांत, एक किलोमीटरचा हजारो वर्षांत, आणि दहा किलोमीटरचा गोळा असेल तर लाखो वर्षं लागतात. पाणी फिरत असेल तर जरा लवकर. म्हणून खोलवरचा मोठा ग्रॅनाईट शेजारच्या खडकाला एवढं बदलू शकतो आणि जमिनीवर पसरलेला लाव्हा तेवढं करू शकत नाही, त्याची बरीचशी उष्णता वर हवेत निघून जाते.

यावरून आपल्याकडचा एक नेहमीचा प्रश्न पण सुटतो. धुळे-नंदुरबारकडे माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात, डाईक म्हणतात त्यांना, भेगेत घुसून थिजलेला शिलारसच आहे तो. मग त्यांच्या शेजारचा खडक स्किडॉसारखा का बदलला नाही? एक तर त्या भिंती मानाने अरुंद, लवकर निवल्या. आणि दुसरं म्हणजे शेजारचा खडक सुद्धा बेसाल्टच, जो स्वतःच अकराशे-बाराशे अंशांच्या लाव्ह्यातून जन्मलेला आणि बराचसा कोरडा. त्याला परत तापवून फार काही वेगळं घडण्यासारखं नसतं, कडेला थोडं भाजल्यासारखं होतं तेवढंच. चिखलाच्या खडकात पाणी बांधलेलं असतं, चुनखडीत कार्बन डायऑक्साईड बांधलेला असतो, कोळशात वायू असतात, त्यामुळे त्यांच्यात शिलारसाजवळ एवढी उलथापालथ होते. म्हणजे नुसतं तापमान बघून चालत नाही, कोण तापतंय ते पण बघावं लागतं, आणि आपल्या पुस्तकी व्याख्येत नेमकं हेच कधी येत नाही.

चुनखडीवरून आठवलं. चुनखडी भट्टीत टाकली की चुना होतो हे आपल्याला माहितीये, वायू उडून जातो. मग शिलारसाजवळ तिचा चुना न होता संगमरवर कसा होतो? हा प्रश्न अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये फार गाजला होता. तिथल्या जेम्स हटन या भूशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत लालसर ग्रॅनाईटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या बघितल्या आणि त्यावरून ठामपणे सांगितलं की ग्रॅनाईट एकेकाळी द्रव होता आणि खालून आला. त्याचं म्हणणं होतं की खोलवर दाब एवढा असतो की चुनखडीतला वायू बाहेर पडूच शकत नाही. त्याचा मित्र सर जेम्स हॉल याने पुढे हे करून बघितलं, बंदुकीच्या नळ्यांमध्ये चुनखडीची पूड भरून, तोंडं घट्ट बंद करून भट्टीत तापवायची. कित्येक नळ्या फुटल्या. पण काहींमध्ये पुडीचा घट्ट स्फटिकमय दगड झाला, संगमरवरासारखा. १८०५ मध्ये त्याने हे एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण हे करू शकत नाही पण ही गोष्ट तर सांगू शकतो ना, दाब म्हणजे काय हे त्यातून जेवढं कळतं तेवढं व्याख्येतून कधीच कळत नाही. चुनखडीत वाळू म्हणजे सिलिका मिसळलेली असेल तर मात्र थोडा वायू सुटतो आणि वोलॅस्टोनाईट नावाचं पांढरं खनिज तयार होतं, राजस्थानात सिरोही जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत, सिरॅमिक आणि पेंटच्या कारखान्यांत वापरतात.

इथे एक सांगून ठेवते, प्रत्येक संगमरवर शिलारसाच्या शेजारी बनलेला नसतो. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा दगड पर्वत घडताना अख्खा पट्टाच्या पट्टा दाबला आणि तापवला गेला त्यातून आलाय, तो वेगळा प्रकार. तुमच्या पुरवणीत दोन्ही एकत्र करून टाकलेत.

आता कोळसा. कोळशावर दाब आणि उष्णता पडली की हिरा होतो असं आपल्याकडे सर्रास सांगतात, भाषणात सुद्धा वापरतात. हे पण खरं नाही. हिरे तयार होतात दीडशे किलोमीटरहून खोल, आणि त्यातले बहुतेक तर जमिनीवर झाडं उगवायच्याही कितीतरी आधीचे आहेत, मग कोळसा आणणार कुठून. शिलारस कोळशाच्या थरात घुसला तर खरंच काय होतं ते बघायचं असेल तर झारखंडमधल्या झरियाला जावं. तिथे साधारण अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वी, जेव्हा राजमहाल टेकड्यांचा लाव्हा बाहेर येत होता त्याच सुमाराला, अभ्रकाने भरलेल्या काळ्या शिलारसाच्या भिंती आणि थर कोळशाच्या थरांमध्ये घुसले. जिथे घुसले तिथला कोळसा भाजून निघाला, त्यातले वायू निघून गेले आणि राहिला नैसर्गिक कोक, तिथले खाणवाले त्याला झामा म्हणतात. करडा, कडक, सच्छिद्र, काही ठिकाणी तर खांबांसारखा तडकलेला. चांगला कोकिंग कोळसा, ज्याच्यावर आपले पोलाद कारखाने चालतात, तो काही भागांत असा वाया गेलाय, म्हणून खाणीचा प्लॅन करताना कुठे झामा लागणार हे आधी शोधावं लागतं. आणि झरियाची आग ती ही नव्हे, ती गेल्या शंभर वर्षांतली, खाणकामामुळे हवा आत गेल्यावर लागलेली. शिलारसाजवळ हवा नव्हतीच, त्यामुळे कोळसा जळला नाही, नुसता भाजला. जळणं, वितळणं आणि भाजणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं जरी आठवीच्या मुलाला कळलं तरी त्याला हा धडा कळला असं मी समजते.

झामा पुष्कळ झाला की काय होतं याचं उदाहरण फार भयंकर आहे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाले, पण लाव्हा वर आला तेवढीच गोष्ट नव्हती, खाली तुंगुस्का खोऱ्यात शिलारसाचे जाड आडवे थर कोळसा, चुनखडी आणि मिठाच्या थरांमध्ये पसरले. ते सगळं भाजलं गेलं आणि त्यातून कार्बन डायऑक्साईड, मिथेन आणि क्लोरीनची संयुगं अफाट प्रमाणात हवेत गेली. त्याच काळात समुद्रातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रजाती नष्ट झाल्या, पृथ्वीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा जीवसंहार. या भाजलेल्या खडकांमधून सुटलेले वायू हे त्यामागचं एक मुख्य कारण असावं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे शिलारसाच्या कडेचं हे कडं म्हणजे फक्त परीक्षेतल्या दोन मार्कांचा प्रश्न नाही.

आणि हे सगळं जुनं, संपलेलं आहे असंही नाही. जपानमध्ये काक्कोंडा नावाच्या जागी जमिनीतल्या वाफेवर वीज बनवतात. तिथे १९९४-९५ मध्ये एक विहीर खणत खणत सुमारे ३.७ किलोमीटर खोल नेली, ती आधी भाजल्या जाणाऱ्या खडकांमधून गेली आणि मग थेट तरुण ग्रॅनाईटमध्ये शिरली, तळाला तापमान ५०० अंशांच्या वर. जे स्किडॉला ४० कोटी वर्षांनी उघडं पडलेलं बघतो ते तिथे आत्ता, तुम्ही हे पत्र वाचताय तेव्हा, चालू आहे.

खनिजांवरून तापमान कळतं ही कल्पना पक्की केली ती नॉर्वेमध्ये ओस्लोच्या परिसरात काम करणाऱ्या व्हिक्टर गोल्डश्मिटने, १९११ मध्ये, वय तेव्हा अवघं तेवीस. त्याने दाखवलं की हॉर्नफेल्समध्ये कुठलीही खनिजं कुठल्याही खनिजांबरोबर सापडत नाहीत, मूळ खडक काय होता आणि तो किती तापला त्यावरून ठराविक जोड्याच जमतात. माझ्या भंडाऱ्याच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा आमच्याच जिल्ह्याचं उदाहरण घेते. अँडालुसाईट, कायनाईट आणि सिलिमनाईट ही तिन्ही खनिजं एकाच मालाची, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, प्रमाण सुद्धा तेच. पण दाब कमी असेल तर अँडालुसाईट, दाब जास्त असेल तर कायनाईट, आणि खूप तापलं तर सिलिमनाईट. अँडालुसाईट दिसला की समजायचं हा खडक साधारण तेरा-चौदा किलोमीटरपेक्षा खोल नव्हता. आमच्याकडे साकोलीच्या पट्ट्यात कायनाईट आणि सिलिमनाईटचे साठे आहेत, भट्ट्यांच्या आतल्या विटांसाठी ते काढतात, कित्येक मुलांच्या घरचे लोक त्या खाणींवर कामाला गेलेले असतात. म्हणजे आमचे खडक स्किडॉसारखे एका ग्रॅनाईटच्या शेजारी भाजलेले नाहीत, पूर्ण पट्टाच खोल दाबला गेलेला आहे, हे घरात पडलेल्या कायनाईटच्या एका निळसर दगडावरून मूल स्वतः सांगू शकतं. आणि अशा मुलाला आपण 'वितळून थंड झालेला खडक' असं पाठ करायला लावतो याचं मला फार वाईट वाटतं.

तर विनंती एवढीच की येत्या पुरवणीत स्पष्ट दुरुस्ती छापावी, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या चौकटीत, कारण मुलं ती पानं कापून वहीत चिकटवतात आणि वर्षभर तीच वाचतात. चित्र परत काढणार असाल तर शिलारसाच्या भोवती एकच तांबडा रंग न फासता आतून बाहेर फिकट होत जाणारी कडी दाखवावीत आणि प्रत्येक कड्यात कुठलं खनिज ते लिहावं. आणि पुढच्या वेळी उदाहरणं देताना झरिया आणि साकोली ही नावं जरूर घ्यावीत. आमच्या शाळेत कायनाईटचे चांगले नमुने आहेत, फोटो हवे असतील तर मी काढून पाठवते.

आपली,
एक भूगोल शिक्षिका, भंडारा जिल्हा